छातीचा खोकला, पोटाची राखण



होड्या झावळ्यांखाली गेल्या, जाळी दुरुस्तीला काढली, बंदीचे ६१ दिवस सुरू झाले. वर्षभर समुद्रावर असणारा माणूस आता घरात आहे आणि घरात असलं की एक गोष्ट रोज कानावर पडते, ती म्हणजे पोरांचा खोकला. एकाचा थांबतो तोवर दुसऱ्याचा सुरू. ओले कपडे, बंद खिडक्या, एका खोलीत चार पोरं. सर्दी एका घरात शिरली की सगळ्या वाड्यावर फिरून येते.

मग संध्याकाळी कुठल्याही फार्मसीच्या काउंटरपाशी हेच ऐकू येतं, "भाऊ, मागच्या वेळी दिलेली ती गुलाबी बाटली द्या. पोरगी परत खोकायला लागली." बाटली मिळते. चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी दाखवत नाही. तीन दिवस औषध पोटात जातं, जरा बरं वाटलं की उरलेली बाटली फ्रिजच्या दारात. पुढच्या महिन्यात तीच बाटली धाकट्याला.

माझं मत सरळ सांगतो. पोराच्या छातीची राखण बरीचशी पोटात होते, आणि साध्या सर्दीवर अँटिबायोटिक देऊन आपण नेमकं ते पोटच बिघडवतो. म्हणून बाटली मागण्याआधी तीन गोष्टी बघा: पोराच्या पोटात काय जातं, हात कशाने धुतले जातात, आणि घरात पिण्याचं पाणी कुठलं येतं. आणि हे सगळं एकट्या आईच्या डोक्यावर टाकू नका. यात सोसायटीचंही काम आहे, ते शेवटी सांगतो.

आधी सर्दीचा हिशेब

पाच वर्षांखालच्या पोराला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं ही रोजचीच गोष्ट आहे. अंगणवाडीत जाणाऱ्या पोराला त्याहून जास्त वेळाही होतो. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस धरले तर वर्षातले दोन-अडीच महिने पोराचं नाक वाहतंच. याचा अर्थ पोर "कमजोर" आहे असा नाही. त्याचं शरीर एकेका विषाणूची ओळख करून घेत असतं.

यातल्या बहुतेक सर्द्या विषाणूंमुळे होतात. आणि अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही. ते जिवाणू मारण्याचं औषध आहे. मग "तीन दिवसांत गुण आला" असं का वाटतं? कारण चौथ्या-पाचव्या दिवशी सर्दी आपोआप उतरायलाच लागलेली असते. भरती-ओहोटी जशी आपल्या वेळेने होते तसंच हे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर कुणी नारळ फोडला म्हणून पाणी मागे गेलं असं आपण म्हणत नाही. औषधाच्या बाबतीत मात्र म्हणतो.

पोटाचा आणि छातीचा संबंध काय?

आतडं म्हणजे नुसती अन्न पुढे ढकलणारी नळी नव्हे. शरीराची रोगाशी लढणारी जी फौज आहे, तिचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीत आणि तिच्या आसपास असतो. ते साहजिकही आहे. बाहेरचं जग शरीरात सगळ्यात जास्त शिरतं ते तोंडावाटे. अन्न, पाणी, माती, खेळणं, बोट, सगळं. त्यामुळे कोण आपला आणि कोण परका, कुणावर तुटून पडायचं आणि कुणाला सोडून द्यायचं, याचं शिक्षण या फौजेला आतड्यातच मिळतं.

हे शिक्षण देतात आतड्यात राहणारे जिवाणू. अब्जावधी असतात. नव्या पोराला तांडेलाबरोबर दोन हंगाम काढल्याशिवाय वारा कळत नाही. तसंच बाळाच्या शरीराला या जिवाणूंच्या संगतीत पहिली दोन-तीन वर्षं काढल्याशिवाय शत्रू ओळखता येत नाही. म्हणून ही पहिली वर्षं फार मोलाची.

या जिवाणूंना अन्न लागतं. बाळ अंगावर पित असतं तेव्हा ते अन्न आईच्या दुधातूनच येतं. आईच्या दुधात काही खास साखरी असतात, ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. मग निसर्गाने त्या घातल्या कशाला? त्या आहेत बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठी. आई एकाच वेळी बाळालाही जेवू घालते आणि त्याच्या आतड्यातल्या राखणदारांनाही. डब्याच्या पावडरीत ही सोय आईच्या दुधासारखी नसते.

पोर जेवायला लागलं की या जिवाणूंचं अन्न म्हणजे भाजी, कडधान्य, नाचणी, फळं यातला चोथा. तो आपल्याला पचत नाही, त्यांना पचतो. चोथा आंबवून ते काही आम्लं तयार करतात. ती आम्लं आतड्याचं अस्तर धड ठेवतात आणि रक्तात मिसळून लांबपर्यंत जातात. रक्तातून, लसिकेतून हा निरोप फुप्फुसापर्यंत पोचतो. शास्त्रज्ञ याला आतडं आणि फुप्फुस यांच्यातला दुवा म्हणतात.

उंदरांवर हे तपासून झालं आहे. २०११ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना अँटिबायोटिक देऊन त्यांच्या आतड्यातले जिवाणू कमी केले आणि मग फ्लूचा विषाणू दिला. त्या उंदरांच्या फुप्फुसातला प्रतिकार कमी पडला. बिघाड केला पोटात, फटका बसला छातीत. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांना चोथा जास्त असलेलं खाणं दिलं, तर त्यांच्या श्वासनलिकेची ॲलर्जीची सूज कमी झाली. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण माणसांतही पुरावा आहे, आणि तो आपल्यासारख्याच वस्त्यांमधला आहे.

आपल्यासारख्या वस्त्यांतले पुरावे

पहिला पुरावा कराचीचा. आपल्यासारखंच समुद्रकाठचं शहर, दाटीवाटीच्या गरीब वस्त्या. तिथे काही मोहल्ल्यांतल्या घरांना साबण दिला, दर आठवड्याला माणूस जाऊन हात कधी आणि कसे धुवायचे ते सांगत राहिला. असं वर्षभर चाललं. बाकी मोहल्ल्यांशी तुलना केली तेव्हा पंधरा वर्षांखालच्या मुलांमधले जुलाब निम्म्याहून कमी झाले आणि पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनियाही निम्मा झाला. हा अभ्यास २०१५ चा नाही, त्याच्याही दहा वर्षं आधीचा, २००५ चा आहे. म्हणजे वीस वर्षं झाली ही गोष्ट छापून येऊन. आणखी एक: तिथे साधा साबण आणि "जंतुनाशक" म्हणून विकला जाणारा साबण दोन्ही वापरून पाहिले, फरक पडला नाही. साधा साबण पुरतो.

हा सगळा फायदा आतड्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. हातावरून नाकातोंडात जाणारे विषाणूही साबणाने कमी होतात. पण जुलाब आणि न्यूमोनिया हातात हात घालून चालतात, हे दुसरीकडेही दिसलं आहे. घाना आणि ब्राझीलमधल्या मुलांची माहिती २००९ मध्ये तपासली गेली. ज्या पोराला नुकतेच जुलाब होऊन गेले, त्याला पुढच्या दिवसांत छातीचा संसर्ग होण्याचा धोका वाढलेला दिसला, आणि घानामध्ये हा संबंध जास्त ठळक होता. जुलाबात पोर वाळतं, जस्त आणि पोषण वाहून जातं, आतड्याचं अस्तर सोलवटतं. अशा पोराच्या छातीत जंतू शिरला तर त्याला अडवायला कोण?

दुसरा पुरावा ओडिशाचा. आपल्या ट्रॉलरवरचे कितीतरी खलाशी तिकडचे, म्हणून मुद्दाम सांगतो. तिथल्या खेड्यांतल्या साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर एक चाचणी झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्या बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत सात दिवस एक विशिष्ट चांगला जिवाणू आणि त्याचं खाद्य असं मिश्रण दिलं. बाळं आईचं दूध पिणारीच होती. पहिल्या दोन महिन्यांत रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा मृत्यू, हे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. आणि लक्षात घ्या, फुप्फुसाचे संसर्गही चांगलेच कमी झाले. औषध गेलं पोटात, वाचली छाती.

तिसरा पुरावा थंड देशातला. हेलसिंकीच्या पाळणाघरांतल्या ५७१ मुलांना हिवाळ्याचे सात महिने दूध दिलं. काहींच्या दुधात चांगला जिवाणू घातलेला, काहींच्या नाही. जिवाणूचं दूध पिणाऱ्यांमध्ये छातीचे आजार आणि अँटिबायोटिकची गरज थोडी कमी झाली. थोडीच. चमत्कार झाला नाही.

यातून मी काय घेतो? पोट सांभाळलं तर छातीचे आजार कमी होतात, ही गोष्ट खरी. पण एखादी पुडी खाल्ली की खोकला होणारच नाही, ही गोष्ट खोटी.

कोळंबीला जे कळलं ते पोराला का लागू नाही?

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. युरोपला जाणाऱ्या कोळंबीत बंदी असलेल्या अँटिबायोटिकचा अंश सापडला की कंटेनर परत येतो. हे प्रत्येक निर्यातदाराला माहीत आहे, तळी करणाऱ्यालाही माहीत आहे. म्हणून आज तळ्यात प्रोबायोटिक टाकतात, पाणी बघतात, खाद्य बघतात. रोग आल्यावर औषध ओतण्यापेक्षा तळं धड ठेवणं स्वस्त, हे कोळंबीवाल्याला पटलं आहे.

आणि तोच माणूस घरी येऊन पोराच्या पोटात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक ओततो. कोळंबीचं तळं जपायचं आणि पोराचं नाही?

अँटिबायोटिक पोटात गेलं की ते वाईट जिवाणू वेचून मारत नाही. बारीक आसाच्या जाळ्यासारखं असतं, बारकी पिल्लंही ओढून नेतं. म्हणूनच औषध सुरू झालं की कितीतरी पोरांना पातळ शी होते. फिनलंडमध्ये २ ते ७ वर्षांच्या १४२ मुलांच्या आतड्यातले जिवाणू तपासले गेले, २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अझिथ्रोमायसिनच्या कुळातली औषधं घेतलेल्या मुलांच्या आतड्यातला बदल दीर्घकाळ टिकलेला दिसला, आणि लहान वयात ही औषधं घेतलेल्यांमध्ये दम्याचा धोकाही जास्त दिसला. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांचा ठसा त्या मानाने हलका होता. आपल्याकडे "तीन दिवसांची तीन डोसांची बाटली" म्हणून सगळ्यात लाडकं औषध कुठलं, ते तुम्हीच आठवा.

म्हणजे चक्र असं फिरतं: सर्दी झाली, अँटिबायोटिक दिलं, पोट बिघडलं, भूक गेली, पोर वाळलं, पुन्हा सर्दी झाली. आणि आपण म्हणतो, "याला औषध मानवत नाही, जरा मोठं औषध द्या." त्यात अर्धवट औषधाने जिवाणू दगडासारखे टणक होतात ते वेगळंच. उद्या खराच न्यूमोनिया झाला तर साधं औषध चालणार नाही आणि पोराला घेऊन बांबोळीला धावावं लागेल.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणं कायद्यात बसत नाही. २०१४ पासून तर काही अँटिबायोटिकांसाठी फार्मसीला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. पण कायदा काउंटरच्या पलीकडे आहे, मागणी अलीकडे. आपण मागणं बंद केलं तर अर्धं काम झालं. आणि फ्रिजच्या दारातली ती बाटली आजच टाका. पाणी घालून तयार केलेलं पातळ औषध आठवडा-दोन आठवड्यांत कामातून जातं.

पण थांबायचं कधी नाही

हे वाचून कुणी खऱ्या आजारात घरी बसू नये. न्यूमोनिया जीव घेतो, आणि जिवाणूंच्या न्यूमोनियात अँटिबायोटिक हेच जीव वाचवणारं औषध आहे. फरक ओळखायला डॉक्टर लागतोच, पण धोका ओळखायला घरातलं घड्याळ पुरतं.

पोर शांत असताना, रडत नसताना, झगा वर करा आणि पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची वरखाली मोजा.

• दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास
• २ महिने ते १ वर्ष: ५० किंवा जास्त
• १ ते ५ वर्षं: ४० किंवा जास्त

एवढा श्वास असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, पोर पित नसेल, सगळं ओकत असेल, झटके येत असतील, ओठ निळे दिसत असतील किंवा पोर हाक मारूनही जागं होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजता का होईना, निघा. दोन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला तरी दाखवा. आणि डॉक्टरने तपासून अँटिबायोटिक लिहून दिलं तर ते पूर्ण द्या, मधे सोडू नका. माझी तक्रार चिठ्ठीशिवायच्या औषधावर आहे, डॉक्टरवर नाही.

पुडीचा बाजार

पोटाचं महत्त्व कळलं की लगेच दुसरा बाजार उभा राहतो. प्रोबायोटिकच्या पुड्या, बाटल्या, गोड दह्याचे छोटे डबे. मला हाही सापळा वाटतो. ओडिशाच्या चाचणीत एक ठरावीक जिवाणू, ठरावीक मात्रा, ठरावीक वय होतं. दुकानातल्या पुडीत तोच जिवाणू आहे का, जिवंत आहे का, हे तुम्हा-आम्हाला कळत नाही. आणि अगदी अशक्त बाळाला हे देणं धोक्याचंही असू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये दिवस न भरलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबद्दल इशारा दिला होता. तेव्हा डॉक्टरने सांगितलं तर द्या, जाहिरातीने सांगितलं म्हणून नको. ते पैसे ताटात घाला.

ताटात काय घालायचं?

आपल्या घरांचा एक दोष स्पष्ट सांगायला हवा. आपल्या पोरांना मासे मिळतात, आणि ते उत्तमच. बांगडा, तारली, पेडवा यांत प्रथिनं आहेत, चांगली चरबी आहे. पण माशात चोथा नाही. भातही पांढरा, सोबत पाव, चारच्या चहाला बिस्किटं आणि शाळेतून येताना पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. म्हणजे पोराचं पोट भरतं आणि पोटातले राखणदार उपाशी राहतात.

यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे:

• सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, घुटी नाही, मध नाही. नंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत अंगावरचं दूध चालू.
• उकड्या तांदळाची पेज, नाचणीचं तिजण, नाचणीची आंबील.
• अळसांदे, मूग, कुळीथ. मोड आणले तर आणखी चांगलं.
• तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, भोपळा, केळी, पेरू. रोज यातलं एक तरी.
• घरी विरजलेलं दही, ताक. जिवंत जिवाणू यात असतात. आंबोळी, सान्ना, इडली पचायला हलकी, पण तव्यावर किंवा वाफेवर त्यातले जिवाणू मरतात हे लक्षात असू द्या.
• गोड पावाऐवजी कोंड्याची पोई.

जुलाब झाले तर ओआरएस आणि जस्ताची गोळी. जस्त १४ दिवस द्यायचं असतं. बहुतेक घरांत तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की गोळ्या बंद होतात. असं करू नका. जस्त पूरक म्हणून दिलेल्या मुलांमध्ये जुलाबाबरोबर न्यूमोनियाही कमी झाल्याचं दिल्लीसह अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसलं आहे. उपकेंद्रात, अंगणवाडीत विचारा.

लसींचंही तसंच. रोटाव्हायरसची लस पोट राखते, न्यूमोकोकलची लस छाती राखते. दोन्ही सरकारी लसीकरणात फुकट आहेत. कार्ड काढून बघा, डोस राहिला असेल तर बंदीच्या दिवसांतच उरकून घ्या. आणि घरात बिडी, चुलीचा धूर, रात्रभर जळणारी मच्छर कॉइल असेल तर वरचं सगळं करूनही छाती धरणारच.

"बोलायला सोपं आहे"

कुणी म्हणेल, लिहिणाऱ्याचं काय जातं? मासे विकणारी वहिनी पहाटे चार वाजता जेटीवर असते. तिने सहा महिने अंगावर पाजायचं कसं? डॉक्टरकडे गेलं तर अर्धा दिवस जातो, दिवसाची कमाई जाते. फार्मसीत पाच मिनिटांत काम होतं.

हा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच हा विषय सोसायटीच्या पानावर मांडतो आहे. निघण्याआधी स्वच्छ भांड्यात काढून झाकून ठेवलेलं दूध साध्या हवेत चारेक तास टिकतं, फ्रिजमध्ये त्याहून जास्त. आज्जी ते वाटी-चमच्याने पाजू शकते. बाटली नको, बाटलीच्या बुचात जुलाब लपलेले असतात. पण बाजारात पाजायला आडोसा नसेल, धुवायला पाणी नसेल, तर त्या वहिनीला उपदेश करण्याचा आपल्याला हक्क नाही.

आणि पाण्याचं म्हणाल तर २०२४ चा पावसाळा आठवा. कुटबण जेटीवर कॉलराची साथ आली. पावसाळ्यात सुरू झालेल्या नव्या हंगामात खलाशी आजारी पडले, काहींचे जीव गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शौचालयं पुरेशी नाहीत, पिण्याचं पाणी धड नाही, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. पुष्कळांनी तेव्हा "बाहेरच्या खलाशांचा आजार" म्हणून हात झटकले. पण जेटीवरचं पाणी जेटीवर राहत नाही. त्याच पाण्यात टोपली धुतली जाते, तीच टोपली घरी येते, तेच हात पोराला उचलून घेतात. खलाशाचं पोट आणि आपल्या पोराची छाती यांच्यात अंतर तेवढंच, एका न धुतलेल्या हाताचं.

म्हणून बंदी उठण्याआधी, १ ऑगस्टच्या आत, प्रत्येक सोसायटीने एवढं करावं असं माझं म्हणणं आहे:

१. जेटीवर आणि मासळी बाजारात हात धुण्याचे नळ, आणि तिथे साबण. नळ बसवून फोटो काढणं सोपं, रोज साबण ठेवणं कठीण. साबणाचा खर्च सोसायटीने उचलावा. बर्फ आणि डिझेलच्या बिलापुढे तो दिसणारही नाही.

२. खलाशांसाठी चालू स्थितीतली शौचालयं आणि तपासलेलं पिण्याचं पाणी. ट्रॉलरच्या टाकीचंही पाणी तपासून घ्या, हंगाम सुरू होण्याआधी टाकी धुवा.

३. मासळी बाजारात बाळाला पाजायला एक आडोशाची जागा. दोन बाक, एक पडदा, एक नळ. एवढंच.

४. बंदीच्या काळात आरोग्य केंद्राच्या मदतीने एक दिवस शिबिर: श्वास मोजायला शिकवणं, लसीचं कार्ड तपासणं, ओआरएस-जस्ताची माहिती. बाबा लोकांनाही बोलवा. मोबाईलचं घड्याळ त्यांच्याच हातात असतं.

५. गावातल्या फार्मसीवाल्यांशी बसून बोलणं. भांडण नको. "चिठ्ठी नसेल तर आमच्या पोरांना अँटिबायोटिक देऊ नका, आम्ही रागावणार नाही," एवढं आपणच सांगितलं तर त्यांनाही नाही म्हणायला बळ येईल.

यातल्या कशालाही मोठी योजना, मंत्र्याचं उद्घाटन लागत नाही. कमिटीच्या एका बैठकीत ठराव होऊ शकतो. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या, नाही घेतला तर सभासदांनी विचारा.

जाळं फाटलं की आपण आधी फाटलेली जागा शोधतो, मगच सुई हातात घेतो. पोराच्या खोकल्याचंही तसंच करा. बाटली उघडण्याआधी श्वास मोजा, ताट बघा, हात बघा, पाणी बघा.

पटलं तर वाड्यावरच्या ग्रुपवर पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू. तुमच्या जेटीवर आज हात धुवायला नळ आहे का आणि त्या नळाजवळ साबण आहे का, हेही जेटीचं नाव घालून लिहा. यादी करून ती कमिटीसमोर ठेवू.

(हे लेखकाचं वैयक्तिक मत आहे. पोराच्या औषधाबाबत निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.)